मध्यंतरानंतरची नदी

माय, तुझी पणती गाणी पुढे ढकलते. काल तिने माझ्यासाठी एक जुना सिनेमा लावला. नायिका खिडकीशी आली, सारंगी सुरू झाली, आणि या पोरीने रिमोट उचलून सरळ पुढचं भांडणच आणलं. वर मलाच समजावते, "गाण्यात काही होत नाही गं आजी, गोष्ट तिथेच थांबते." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तू असतीस तर मांडीवरचं सूप खाली ठेवून म्हणाली असतीस, "काऊन व, गाण्यातच तं सारं होऊन राहते." मला तसं ठसक्यात बोलता येत नाही. म्हणून रात्रभर मनात घोळवून आज सकाळी तुलाच लिहायला बसले आहे.

तुला मोठीमायचं, तुझ्या थोरल्या जावेचं, अंगण आठवतं ना? आमगावच्या आपल्या घराला लागूनच, जेठांचं. इंग्रज अजून गेला नव्हता आणि धानाचं काम संपलं की बायका तिथे सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू घेऊन बिड्या वळायला जमायच्या. मोठीमाय मधोमध, बाकीच्या तिच्याभोवती, आणि तू गोठ्याच्या भिंतीशी. तुझं माहेर पल्याडचं, छत्तीसगढी बोलणाऱ्यांचं. तू तोंड उघडलंस की कुणीतरी तुझी नक्कल करायची, सगळ्या हसायच्या, तूही हसायचीस आणि मग दिवसभर गप्प. मला तेव्हा वाटायचं, माझी माय मुळातच अबोल आहे. किती चुकत होते मी.

मग तो गोंदियाचा दिवस. मामा स्टेशनात कामाला होता, त्याने तुला आणि मला दुपारच्या खेळाला टॉकीजात नेलं. पत्र्याच्या छताला भोकं होती, त्यातून उन्हाच्या काड्या आत आल्या होत्या. पडद्यावर एका रंगाऱ्याची मुलगी. दोऱ्यांवर ओली लुगडी वाळत घातलेली, वारा आला की ती फुगायची, आणि ती पोरगी त्यांच्यामधून नाचत गात निघाली. एका लुगड्याआड गेली तेव्हा हसत होती. दुसऱ्या बाजूने बाहेर आली तर समोर गावच्या जमिनीचा धनी असलेल्या मालगुजाराचे शिपाई आणि तिच्या बापाच्या हातात बेड्या. गाणं थांबलंच नाही, फक्त पाय थांबले. तू माझा खांदा इतका जोरात दाबलास की मी ओरडले. पुढच्या प्रसंगात बाप कोठडीत आणि ती नदीकाठी एकटी उभी, तेवढ्यात मध्यंतर. मामा म्हणाला, उठा, पॅसेंजर निघेल. दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं असं बाबांनी बजावलं होतं. तू उठलीस आणि दारापर्यंत मागे बघत गेलीस.

दुसऱ्या दिवशी अंगणात, जिथे सिनेमाला टाकीच म्हणत, कुणीतरी सहज विचारलं, "टाकी पाह्यली म्हणते, काय होतं व त्याच्यात?" आणि तू भिंतीशी बसल्याबसल्या सांगायला लागलीस. आधी हळू. मग सुपावर बोटं वाजायला लागली, पानं कापायची कैची ठेक्यात वाजायला लागली. लुगड्यांच्या गाण्याला तू उभीच राहिलीस. पदराचं टोक धरून तू आडोशाला जायचीस आणि बाहेर यायचीस ती वेगळ्याच चेहऱ्याने. सिनेमा तर काळापांढरा होता, पण तू रंग सांगत होतीस, हे पळसाच्या फुलाचं, हे हळदीचं, हे निळीचं, आणि कुणाला शंका आली नाही. हिंदी शब्द आले की तूच त्यांचा अर्थ सांगायचीस, कारण ती भाषा तुझ्या माहेरच्या बोलीला जवळची. ज्या बोलीला त्या हसायच्या तीच आता त्यांना हवी होती. मोठीमाय बिडी वळायची थांबली. "मंग? नदीवर काय झालं?" तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस. आणि तू नदी सांगितलीस.

काय सांगितलीस ती, माय! आपल्या वाघनदीसारखी नदी, काठावर तुरुंग. पोरगी एकेक रंगवलेलं लुगडं पाण्यात सोडते आणि गाते. लुगडी वाहत तुरुंगाच्या खिडकीखालून जातात. बाप आपल्या हातचा रंग ओळखतो आणि आतून पुढची ओळ उचलतो. कैदी बेड्यांचा ठेका धरतात. आवाज गावात जातो, माणसं निघतात, वाहत्या रंगामागून चालत तुरुंगाच्या दाराशी येतात. त्यात बोलणं म्हणून एक वाक्य नव्हतं. सगळी गोष्ट गाण्याने, पायांनी आणि कापडाने पुढे नेली. मी पुढे मुंबई-कलकत्त्याचे कितीतरी गाण्यांचे सिनेमे पाहिले, मोठमोठे महाल, शंभर नाचणाऱ्या. जो खरंच चांगला असतो त्यात नेमकं हेच असतं: माणसाचं बोलणं संपतं तिथे गाणं येतं, आणि गाणं संपतं तेव्हा माणूस आधीचा उरत नाही. तुला हे कुणी शिकवलं होतं? अर्ध्या सिनेमात तुला कळलं ते कसं, याचं मला आजही नवल वाटतं.

त्या दिवसापासून तुझी जागा मधोमध, मोठीमायच्या शेजारी. नक्कल बंद. पुढच्या हिवाळ्यात धान निघालं आणि कळलं की तोच सिनेमा पुन्हा लागलाय. मोठीमायने ठरवलं, अंगणातल्या साऱ्या बायका जातील. तुझं तोंड उतरलं. तू डोकं दुखतं म्हणालीस, म्हैस व्यायची आहे म्हणालीस. मोठीमाय म्हणाली, "तुह्याबिगर कायची टाकी? चाल मुकाट्यानं." गाडीत सगळ्या हसत होत्या आणि तू खिडकीबाहेर बघत होतीस. तुला पुन्हा त्या भिंतीशी बसायचं नव्हतं. मला ते कळत होतं.

मध्यंतर झालं, दिवे पुन्हा गेले. नदीकाठची पोरगी डोळे पुसून सरळ मालगुजाराच्या वाड्यात गेली. तिथे झोपाळ्यावर बसून एक रडकं गाणं म्हणाली, मग शहरातून कोणी काका आला, पुष्कळ बोलला, बाप सुटला. संपलं. बायका जागच्या हलेनात. मग मोठीमाय उठली आणि दारावरच्या माणसाला गाठलं. "नदी कोठी हाये?"

"कौन सी नदी, बाई? पिक्चर खतम."

"जेच्यात लुगडे वाहतेत थे. आमी पुरं तिकीट काढलं, अर्धं नाही. गाणं काऊन कापलं?"

बाकीच्याही लागल्या बोलायला. तो बिचारा हात जोडून म्हणत होता की अशी नदी नाहीच, आणि त्या त्याला खोटारडा म्हणत होत्या. तू माझ्यामागे उभी होतीस. पॅसेंजरची वेळ झाली म्हणून तो सुटला.

दुसऱ्या दिवशी तू आपणहून भिंतीशी जाऊन बसलीस. मोठीमायने पाहिलं, उठली, तुझं सूप उचललं आणि मधोमध नेऊन ठेवलं. "तेथी काऊन बसली? इकडं ये. अन् नदीपासून सांग."

तू म्हणालीस, "बाई, थे टाकीत नोहे."

"मले माहीत हाये," मोठीमाय म्हणाली. "टाकीत असती तं तुले कायले इचारलं असतं?"

तुझा तेव्हाचा चेहरा मला पडद्यावरच्या कुठल्याही नटीपेक्षा स्पष्ट आठवतो. तू पदर खोचलास आणि गायला लागलीस.

हे पत्र टाकायला टपालपेटी नाही, आणि पणतीला वाचून दाखवलं तर तीही पुढे ढकलेल. तेव्हा तुझं जपून ठेवलेलं सूप आहे, त्यातच ठेवते. फक्त एक तुला कधी सांगितलं नव्हतं. आपण मध्यंतरातच उठलो होतो हे त्या टॉकीजात तुझ्याखेरीज मलाच माहीत होतं. तरी दुसऱ्या खेपेला दिवे गेल्यावर मी तुझा हात घट्ट धरला, तो तुला धीर द्यायला नव्हता. मी नदीची वाट बघत होते.