गाडीला शोभतील असे टायर

ता. ४ फेब्रुवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

कारण आधीच सांगतो, नाहीतर तू पत्राचा शेवट आधी वाचशील. आपली लाल टू-सीटर विकतोय. वर्षभर नुसती झाकलेली आहे, गॅरेजात जागा अडते, आणि हौसेलाही कुठेतरी पूर्णविराम हवा. एक वकीलबाई घ्यायला तयार आहेत. त्यांची अट एकच, गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा होते तसेच टायर हवेत. मी हौसेने घातलेले रुंद टायर बघून त्यांनी नाक मुरडलं. टायरचं दुकान तुझं, तेव्हा निवड तू कर. पांढऱ्या पट्टीचे मिळाले तर उत्तम, गाडी उठून दिसेल. त्या काळचे न वापरलेले टायरही जुन्या बाजारात मिळतात म्हणे. तुझी वहिनी बरी आहे, हल्ली माझ्याशी कमी बोलते एवढंच.

लोभ आहेच, उत्तराचा मात्र कंटाळा करू नकोस.

तुझा दादा

ता. ५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

दादांचं पत्र मिळेलच. त्यातलं जागा अडण्याचं कारण साफ खोटं आहे. त्यांचा खांदा आखडलाय. मागच्या वर्षी गाडी फाटकातून वळवताना स्टिअरिंग हलेना, शेवटी शेजाऱ्यांनी ढकलून आत घेतली. त्या दिवसापासून गाडीवर कापड पडलं ते पडलंच. डॉक्टर म्हणाले, खांदा आता पहिल्यासारखा व्हायचा नाही. रोज सकाळी कापड काढतात, गाडी पुसतात, पुन्हा झाकतात. मी विकू नका म्हटलं की विषय बदलतात. गाडी गेली की हा माणूस घरात नुसता बसून राहील, याची मला भीती वाटते. मीच चालवली असती, पण एकदा प्रयत्न केला होता. दोन्ही हातांनी लोंबकळले तरी स्टिअरिंग ढिम्म.

हे मी लिहिलंय ते तुमच्यापाशीच ठेवा, आणि माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी

ता. १४ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पांढरी पट्टी विसर. शर्यतीत पळणाऱ्याला जरीची टोपी घालतात का? जुने न वापरलेले टायर तर मुळीच नकोत. इतकी वर्षं पडून राहिलेलं रबर दिसायला गोंडस, पण वाळून कडक झालेलं असतं. पहिल्याच वळणावर दगा देईल. जुन्या साच्यातून, जुन्याच नक्षीचे, पण आज बनवलेले टायर मिळतात, ते पाठवतेय. रुंदीला बारीक, बाजूने उंच, तुझ्या गाडीच्या वर्षी कारखाना घालायचा अगदी तेच माप. त्याहूनही जुन्या धाटणीचे मिळतात, पण त्यांच्यावर गाडी सरळ रस्त्यातही भरकटायची, म्हणून ते घेतले नाहीत. आणि तुझे ते रुंद टायर! त्यांच्यावर उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवणं म्हणजे भरलेलं कपाट सरकवणं. मी तेव्हाच सांगितलं होतं, पण तू माझं कधी ऐकलंयस?

एक अट आहे. वकीलबाईंना बोलावण्याआधी गाडी तू आणि वहिनी, दोघांनीही चालवून बघायची. दुकानाचा नियमच आहे तसा, आज सकाळी केलाय.

रागवायचं असेल तर रागव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी बारकी

ता. २ मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

टायर बसले. आधी गाडी किडमिडी वाटली, मग बघता बघता पटलं की ती अशीच असायला हवी होती. नियमाप्रमाणे पहिल्यांदा मी बसलो. स्टिअरिंग पुष्कळ हलकं झालंय, तरी फाटकापाशी खांद्याने नाही म्हटलं. खांद्याचं तुला वहिनीने कळवलं असणारच, मी तुझा नियम वाचला तेव्हाच ओळखलं. राग आला नाही. वाईट मात्र फार वाटलं. किल्ली तिच्या हातात दिली आणि पायरीवर जाऊन बसलो.

तिने मला हाक मारून गाडीत बसवलं. क्लच हळू सोड, असं मी सांगायला लागलो, तर म्हणाली, गप्प बसा. एका दमात वळवून तिने गाडी बाहेर काढली. नदीच्या पुलापर्यंत गेलो. इतकी वर्षं मी या गाडीतून फक्त रस्ता बघितला होता. काल नदी बघितली, लोक बघितले, हिला गाडी चालवताना बघितलं. डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यामुळे आलं म्हणालो, तिनेही ते मान्य केलं.

वकीलबाईंची मनापासून माफी मागितली आहे. गाडीचं काय करायचं हे यापुढे मला विचारायचं नाही, असं ड्रायव्हरचं म्हणणं आहे.

इकडे ये, मागे सीट नाही, तरी तुझ्यासाठी मी उतरेन. लोभ आहे तसाच राहू दे.

बाजूच्या सीटवरचा,
तुझा दादा