अंजिराची रोपे मुलाच्या हाती जाऊ नयेत म्हणून

मी खाली सही करणार, वय एकाहत्तर, विधवा, धंदा अंजिराची रोपे वाढवून कुरिअरने गावोगावी पाठवणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे, कारण 'आईच्या डोक्यावर परिणाम झालाय' असे माझा मुलगा चारचौघांत सांगत फिरतो. आधीचे मृत्युपत्र रद्द. त्यात सगळे त्याच्याच नावे होते.

१. नर्सरी, जागा, ज्यांच्या काड्या लावून रोपे करतो ते एकोणीस मातृवृक्ष, हिरवी जाळी आणि धंद्याचे नाव सुनेला द्यावे. मुलाला यातली फुटकी कुंडीसुद्धा मिळू नये. कारण लिहून ठेवते.

दोन वर्षांपूर्वी खुब्याच्या ऑपरेशनमुळे मी पाच आठवडे अंथरुणात होते. काड्यांना नुकती मुळे फुटत होती, पांढरी, दोऱ्यासारखी. ती माती धरेपर्यंत रोप हलवायचे नसते. मुलाने मागण्या तुंबल्या म्हणून तीनशे रोपे ऐन उन्हाळ्यात, चिंब मातीसकट, शुक्रवारी रवाना केली. शनिवार-रविवार ती गोदामात उकडली. सुनेने अडवले, तर म्हणाला, "तुला काय कळतं त्यातलं?"

लोकांचे फोन आले की तो सगळ्यांना एकच ऐकवी, "तुम्ही पाणी जास्त घातलं असणार." मीही त्याचे खरे मानले. याची मला अजून लाज वाटते.

मग एक निवृत्त शिक्षिका दोन गाड्या बदलून आल्या. खोके माझ्या पलंगावर ठेवून म्हणाल्या, "खोक्यातून घाण वास येतोय म्हणून फोन केला, तर तुमचा मुलगा म्हणतो मी पाणी जास्त घातलं. बाई, मी अजून चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही. आता तुम्हीच उघडा."

मी उघडले. काडी काळी, मुळांचा चिखल. त्यांच्या यजमानांची नजर गेली आहे; अंजिराच्या पानाचा वास त्यांना आवडतो, म्हणून त्यांनी रोप मागवले होते.

मुलाला तिथेच बोलावले. तो बाईंच्या तोंडावर म्हणाला, "आई, मेलेलं रोप परत घेऊन कोण येतं? एक आल्या, म्हणून एवढा तमाशा कशाला?"

मी त्याला नर्सरीतून चालता हो म्हटले. दारातून वळून म्हणाला, "तू गेल्यावर सगळं माझंच आहे."

ते तसे होऊ नये, एवढ्यासाठी हा कागद.

सुनेने त्यानंतर अकरा दिवस फोन सोडला नाही. तीनशे घरी विचारले, "नखाने साल थोडी खरवडा. खाली हिरवं दिसतंय का?" हिरवे असेल तर पाणी बंद, कुजकी माती झटकून कोरड्या मातीत लावा, सावलीत ठेवा, वरून पिशवी घाला आणि ती रोज थोडी थोडी उघडा. एक्केचाळीस रोपे वाचली. बाकीच्यांना आम्ही पुढच्या हंगामात नवी पाठवली. मुलगा तेव्हाच घर सोडून गेला. ती गेली नाही. माझ्यावर उपकार म्हणून नव्हे. तिला हे काम आवडते.

२. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लकही तिलाच.

३. जिन्याजवळचे मोठे, फळ धरलेले झाड शिक्षिकाबाईंच्या यजमानांना. कुरिअरने नको. गाडी करून सुनेने स्वतः पोचवावे.

४. धाकट्या दिरांना काही नाही. माझा नवरा सात महिने अंथरुणाला खिळून होता. हे गृहस्थ एकदाही जिना चढले नाहीत. आता काही उतरवून न्यायलाही येऊ नये.

५. मुलाला, त्या खोक्यातली काळी काडी. कपाटात बरणीत आहे. काम मागायला आलाच, तर ठेवायचे की नाही हे सुनेने ठरवावे. ठेवला तर माती चाळायला. फोनला हात लावू देऊ नये.

६. मी जाईन तेव्हा खोकी बांधून तयार असतील, तर आधी ती रवाना करावीत, मग माझ्याकडे बघावे. मुळे फुटलेले रोप बंद खोक्यात चार दिवसांवर तग धरत नाही. मला तेव्हा कसलीच घाई नसेल.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. एक शब्दही मवाळ करावासा वाटला नाही.

लिहून देणार: (सही)

आम्हा दोघांसमोर सही केली:
१. खुब्याचे ऑपरेशन केलेले डॉक्टर (सही)
२. कुरिअर कचेरीतील वजनकाट्यावरचे कारकून (सही)

स्थळ: नर्सरीतील बांधणीची खोली
दिनांक: १७ मार्च, मंगळवार