इंजिनाचं निर्माल्य

अण्णा, तुम्ही ते इंजिन खरवडायला नको होतं.

वडिलांना लिहिताना अशी सुरुवात करत नाहीत, हे मला माहीत आहे. पण मला दुसरं काही लिहायचंच नाही. कारखान्याच्या फाटकाशी चौथऱ्यावर उभं असलेलं तेच वाफेचं इंजिन, नॅरो गेजचं, डोंगरातली एक छोटी लाईन बंद झाल्यावर इथे बनारसला आणून ठेवलेलं. कारखाना केव्हाच बंद झाला. इंजिन आता संग्रहालयात जायचं आहे, आणि ते पहिल्यांदा रुळावर उतरलं तेव्हा कोणत्या रंगाचं होतं हे शोधून सांगायचं काम माझ्याकडे आलं आहे. तुम्ही तिथल्या पेंट शॉपचे इन्चार्ज होतात म्हणून नव्हे. जुन्या वस्तूंचे मूळ रंग शोधणं हाच माझा व्यवसाय आहे. तुम्ही गेल्यावर मी तो शिकले, त्यामुळे तुम्हाला सांगायचा प्रश्न आला नाही.

काम कसं करतात ते ऐका. एक छोटीशी जागा निवडायची आणि ती हलक्या हाताने घासत आत जायचं. पुढाऱ्यांच्या पोस्टरखाली जशी आधीच्या निवडणुकीची पोस्टरं निघतात, तसे थर निघतात. वरचा सगळ्यांत नवा, लोखंडाला चिकटलेला सगळ्यांत जुना. उघड्यावरचे थर उन्हापावसात गेलेले असतात, म्हणून मी अवघड जागा शोधते: नावाच्या पाटीमागे, बोल्टच्या डोक्याखाली, केबिनच्या छताच्या आतल्या कोपऱ्यात. रंगारी माणूस तिथे कंटाळतो. पाटी न काढता कडेकडेने ब्रश फिरवतो आणि चहाला जातो. त्याच्या त्या कंटाळ्यावर माझं पोट चालतं. पण तुम्ही कंटाळला नाहीत. तुम्ही पाटी उतरवलीत, बोल्ट सोडवलेत, छताच्या कोपऱ्यात बारीक पटाशी घातलीत. गेला महिनाभर मी गुडघ्यांवर बसून त्या इंजिनात भोकं पाडते आहे आणि प्रत्येक भोकात एकच गोष्ट निघते. लोखंड, त्यावर करडा प्रायमर, त्यावर तुमचा हिरवा. हिरव्यावर पुन्हा हिरवे, कारण तुमच्यानंतरचे लोक दर विश्वकर्मा पूजेला तुमच्यावर एकेक हात मारत राहिले. तुमच्या आधीचं काहीही नाही. इतकं स्वच्छ काम मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि हे कौतुक नाही.

हे तुमच्या डोक्यात कुठून आलं तेही मला माहीत आहे. मंगला गौरी मोहल्ल्यातल्या आपल्या गल्लीतल्या मारुतीचं कवच त्याच वर्षी उन्हाळ्यात निघालं. वर्षानुवर्षांचा शेंदूर, हाताच्या पंजाएवढा जाड, एका सकाळी भेग पडून सुटा झाला आणि आतून नाक, डोळे, वळवलेली शेपटी अशी रेखीव मूर्ती बाहेर आली. गल्लीतल्या बायका रडल्या. तुम्ही हात जोडून उभे होतात, तुमचाही चेहरा हललेला होता. शेंदराचं कवच वाजतगाजत गंगेत सोडलं. जेवताना तुम्ही आईला म्हणालात, "आपल्या इंजिनावरही किती पुटं चढलीयेत. यंदा पूजेआधी सगळी उतरवतो. खाली काय आहे ते दिसू दे."

आई म्हणाली, "खाली लोखंड असेल. दुसरं काय असणार?"

तुम्ही हसलात. तिच्या बोलण्यावर हसायची तुमची एक पद्धत होती, भाताचा घास थांबवून. मूर्तीच्या शेंदराखाली मूर्ती असते, अण्णा. इंजिनाच्या रंगाखाली लोखंड असतं. तिथे पुटं हीच मूर्ती होती.

आणि एवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. खरवडलेला रंग कुठल्याही कारखान्यात कचऱ्यात जातो. कचऱ्यात गेला असता तरी एखादी चिमूट कुठे अडकून राहिली असती. तुम्ही तो झाडून, चाळून, धोतराच्या जुन्या फडक्यात बांधलात. देवाच्या अंगावरचं उतरवलं की पाण्यात सोडायचं, म्हणून. रविवारी मला बरोबर घेऊन तुम्ही मुन्शी घाटावर आलात, कारण तिथला मल्लाह ओळखीचा होता. नाव डोलते आहे, गाठोडं तुमच्या मांडीवर आहे, मी समोरच्या फळीवर बसले आहे. मल्लाह गाठोड्याकडे बघून आवाज खाली आणतो.

"पंडितजी, केकर अस्थि हौ?"

"इंजन की."

"इंजनवो मरेला?"

"मरा नहीं, नहाया है. तू नाव चला."

तो इतका हसला की वल्हं सुटलं. तुम्हीही हसलात. मीसुद्धा. आज प्रयोगशाळेत तसला रंग हाताळताना मी मास्क लावते, कारण त्यात शिसं असतं. आपण तो सोडला त्या पाण्यात लोक अंघोळ करत होते, आणि समोर अहिल्याबाई घाटावर कुणाचा तरी संकल्प चालला होता.

गाठोडं सोडण्याआधी त्यातला एक टवका मी काढून घेतला होता. नखाएवढा. त्याची कड उन्हात धरली की पट्टे दिसत. वर काळा, मग तांबूस, मग आणखी काही. मला तो सुंदर वाटला, एवढंच. तुम्ही माझी मूठ पाहिलीत. "उघड." मी उघडली. "निर्माल्य घरी नेतात का? एवढी मोठी झालीस, कळत नाही?" मल्लाहाच्या देखत. टवका तुम्ही दोन बोटांनी उचललात आणि पाण्यात टाकलात, आणि मला हात धुवायला लावलेत. आज तो टवका मला मिळाला तर भिंगाखाली धरून तासाभरात माझं काम संपेल. सगळ्यांत खालचा पट्टा कोणता होता, हे मी स्वतःला रोज विचारते. एके दिवशी मला तो विटकरी आठवतो, दुसऱ्या दिवशी किरमिजी. अशी आठवण रिपोर्टमध्ये घालता येत नाही. इंजिनाचा एकच जुना फोटो मिळाला, तो कृष्णधवल. तसल्या जुन्या फिल्मवर लालही काळा दिसतो.

रागाचं म्हणाल तर तो एका इंजिनाचा नाही. आई गेली. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी मी उठले तर तुम्ही स्वयंपाकघरात शिडीवर. तिखटमिठाच्या फळीशेजारी भिंतीवर तिच्या बोटांचे हळदीचे डाग होते. फोडणी करताना ती तिथे हात टेकायची. मी काही म्हणेपर्यंत त्यावर चुन्याचा दुसरा हात बसला होता. "कसं स्वच्छ झालं," असं म्हणालात तुम्ही. तुम्हाला दुःख नव्हतं असं मी म्हणत नाही. तुम्हाला दुःखावर दुसरा इलाज माहीत नव्हता, असंही लोक म्हणतील. मी ते म्हणणार नाही. मला विचारायचं तुम्हाला सुचलं नाही. ती भिंत माझीही होती.

परवा संग्रहालयात बैठक झाली. संचालक होते, आणि तुमच्या हाताखालचे एक निवृत्त फिटर, ज्यांना मी चाचा म्हणते. चाचा म्हणाले, "बिटिया, एमें खोजे के का हौ? बाबूजी जौन रंग लगउलन, ओही असली हौ." मी सांगितलं की तो रंग बाबूजींनी स्वतःच्या मनाने लावला. त्यांना वाटलं इंजिन हिरवं असावं, म्हणून हिरवं. चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी चप्पल घालून देवघरात शिरले.

संचालकांनी माझ्या रिपोर्टचं पान पुढे केलं. "यहाँ आपने लिखा है, तत्कालीन पेंट शॉप इन्चार्ज ने सारी पुरानी परतें नष्ट कर दीं. ये आपके पिताजी ही हैं न?"

"जी."

"लिखना ज़रूरी है?"

"जी."

"मैडम, 'मूल रंग अज्ञात' की तख़्ती लगाकर हम इंजन नहीं दिखा सकते. आप हरा लिख दीजिए. बेटी के दस्तख़त होंगे तो कोई सवाल नहीं करेगा."

मी लिहिलं नाही. अज्ञात हाच शब्द ठेवला, खाली सही केली आणि निघून आले. पैज जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. रिपोर्ट फायलीत गेला, आणि ठरलं ते हिरव्याचंच. तुम्ही जिवंत असतात तर हे सगळं वाचून आधी माझं शुद्धलेखन तपासलं असतंत. हे पत्र आता कुठेच जाणार नाही, माझ्याजवळच राहील.

काल रंगकाम सुरू झालं. मला तिथे काही काम नव्हतं. पेंटर नवा होता, त्याने डबा उघडला आणि थेट ब्रश बुडवला. तो हिरवा बाजारातल्या लोखंडी कपाटाचा होता. मी म्हटलं, "भइया, ये नहीं है."

"मैडम, डिब्बे पर यही नंबर लिखा है."

"इसमें काला डालिए. और ज़रा-सी पेवड़ी."

"कितनी?"

"डालिए, मैं बताती हूँ."

त्याने ती पिवळी पूड घातली, ढवळली, पत्र्याच्या तुकड्यावर रंग लावून दाखवला. मी नाही म्हटलं. त्याने पुन्हा घातली. असं बऱ्याच वेळा झालं. तो वैतागला, मीही हटले नाही. तुमच्या या हिरव्याला कसलाही आधार नाही, हे मी स्वतः लिहून दिलेलं आहे. तो चुकू नये म्हणून मी अंधार पडेपर्यंत तिथे उभी होते.