नकाशावरचा लाल दोरा

भाजी फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे. मी ताईकडे चाललेय. फोन करू नकोस.

माझ्या शिवणाच्या टेबलावरच्या नकाशाला कोणी हात लावला, ते विचारतच नाही. आपला पहिलावहिला परदेश प्रवास. शेजारच्या देशांतली पुरातन देवळं आणि पुढची बेटं, सगळी वाट मी टाचण्या टोचून लाल दोऱ्याने आखली होती. तू आणि तुझ्या दादाने बेटांवरच्या टाचण्या उपटल्या आणि दोरा परत देवळांकडे वळवला. गाठसुद्धा धड मारली नाहीत. जन्मभर शिवणकाम करणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या हातची गाठ ओळखू येणार नाही, असं वाटलं का रे?

वर मलाच तोंड वर करून सांगितलंस, "त्या दिवसांत बोटी बंद असतात." मी बोटवाल्यांना विचारलं. बोटी रोज सुटतात. मग तुझ्या आईला फोन केला, तर त्या हसतच सुटल्या. "अगं, तो तळ्यातल्या होडीतसुद्धा डोळे गच्च मिटून बसायचा!" म्हणजे तुला पाण्याची भीती वाटते हे अख्ख्या घराला ठाऊक, फक्त बायकोला नाही.

बेटांचं तिकीट काढलंय, माझं एकटीचं. तू दादाबरोबर खुशाल दगड बघत फिर.

भीती वाटते एवढं बोलला असतास, तर बोटीत तुझा हात धरून बसले असते. आता दादाचा धर.