दादाच्या गाडीला नव्या डिस्क

३ मार्च, मंगळवार

परत तीच थरथर. ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात नाचतं. शेजारी दादा, डावा पाय चटईवर घट्ट रोवून. दर सिग्नलला हेच. "दादा, गाडी मी चालवतोय ना?" – बोलून बसलो. त्याला उत्तर कुठे देता येतं? चौदा महिने झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आठवड्यातून तीनदा व्यायामाला न्यायचं, तेही याच धुडातून. दुसऱ्या गाडीत तो पायच ठेवत नाही. सव्वादोन टन वजन, शर्यतीच्या तोडीचं इंजिन, आणि चालवणारा मी – सायकल चालवावी तशी!

परगावच्या नोकरीचं तेरा तारखेपर्यंत कळवायचंय. ठरलंय सगळं. दादा रुग्ण सांभाळणाऱ्या संस्थेत, गाडी विकायची, मी, बायको, पोरगी असे आम्ही तिघं तिकडे. गिऱ्हाईक म्हणतं, ब्रेकच्या चांगल्या डिस्क टाका, थरथर घालवा, मग नेतो. दादाला अजून सांगितलेलं नाही. या घरात माझा जीव घुसमटतो.

५ मार्च, गुरुवार

सकाळपासून डिस्क, डिस्क. भोकं पाडलेल्या दिसायला झकास. मिस्त्रीने उडवून लावल्या. "एवढ्या जड गाडीला नको साहेब. तापल्या की भोकापासून तडा जातो. खाचांच्या घ्या." आणखी मोठ्या घ्याव्यात तर चाकात मावत नाहीत.

दादाला नव्या-जुन्या डिस्कचे फोटो दाखवले. त्याने बोट ठेवलं ते जुन्या डिस्कवर. तीनदा. "अरे, तीच तर बदलायचीय!" तो चिडला. मीही चिडलो.

६ मार्च, शुक्रवार

दादाला सांगणार कोण? बायको म्हणाली, "मला नका सांगू. मला भाऊजींकडे बघवत नाही."

तिचं काय चुकलं? त्या दिवशी आमच्या पोरगीला शाळेतून तोच आणत होता. नेहमीसारखा सुसाट. वाटेतच अर्धांगवायूचा झटका आला. गाडी कठड्यापासून वीतभर अंतरावर थांबलेली सापडली. लोकांनी दोघांना ओढून बाहेर काढलं. डॉक्टर म्हणाले, उजवा पाय तेव्हा हललाच नसता. म्हणजे चढ होता म्हणून गाडी थांबली, असं सगळे धरून चालले. पोरगीला फक्त आपलं रडणं आठवतं.

मी दादाला माफ केलेलं नाही. तोंडाने कधी बोललो नाही, इथे लिहितो.

९ मार्च, सोमवार

खाचांच्या ठरल्या. सुटलो एकदाचा.

११ मार्च, बुधवार

मिस्त्रीने चाकं काढली. मला आत बोलावलं. "डिस्क वाकलेली नाहीये. मापून बघितली. हा डाग बघा." काळपट, बरोबर ब्रेक पॅडच्या आकाराचा. पुढच्या दोन्ही डिस्कवर. "भरधाव गाडी एका दमात थांबवलीय. आणि थांबल्यावर पाय काढलेलाच नाही. तापलेल्या पॅडचा थर तिथेच चिकटला. थरथर त्याचीच."

मी म्हटलं, मी असं कधी केलेलं नाही.

"मग तुमच्या आधी ज्याने चालवली, त्याने."

माझ्या आधी दादा. थरथर मी गाडी हातात घेतली त्या दिवसापासून आहे. आणि उजवा पाय तर हलणार नव्हता.

घरी येईपर्यंत मी शेजारच्या रिकाम्या सीटपुढच्या चटईकडे बघत होतो. डाव्या बाजूला ती पार झिजली आहे.

१२ मार्च, गुरुवार

नोकरीवाल्यांना अजून काही कळवलेलं नाही.

जुनी डिस्क घरी आणली. दादासमोर स्टुलावर ठेवली, डागावर बोट ठेवलं. "तू थांबवलीस? डाव्या पायाने?" त्याने डावा पाय जमिनीवर दाबला. दाबूनच ठेवला. थरथरायला लागला तरी उचलेना. बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती आली, खाली बसली, त्याच्या पावलावर हात ठेवला.

"थांबली गाडी, भाऊजी. पोरगी ठीक आहे. काढा आता पाय."