सुपरवायझरला दम लागलाय

ती. कस्तुरावन्सं यांस,
शालनचा नमस्कार.

त्या गुरुवारी सकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि हे खाली फतकल मारून, नळी तोंडाने ओढून, माशांच्या टाकीतलं पाणी बादलीत काढत होते. (गुरुवारी कंपनीला सुट्टी. लोक सुट्टीला झोपतात, हे मासे धूत बसायचे.) ओढता ओढता घोटभर पाणी पोटात गेलं. मी म्हटलं, "आता जेवायला नको असेल." हे म्हणाले, "कालवण झालं, भाकरी तेवढी दे." मग काच पुसली, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी ओतलं आणि चिमूटभर दाणे टाकले. पाणी इतकं नितळ की टाकीमागच्या कॅलेंडरवरची एकादशी समोरून वाचता यायची. असल्या साध्या सकाळी आठवल्या की मला राग येतो. तुमचा.

तुमच्या गुडघ्यांची आणि दादासाहेबांच्या शुगरची चौकशी आधी करायला हवी होती. ती इथे केली असं समजा. पत्र अशासाठी की फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही.

टाकीतलं पाणी हिरवं झालंय. पालकाचं पातळ पिठलं लावावं तसं. कॅलेंडर सोडा, मासेच दिसत नाहीत. आठातले तीन गेले. आणि हे कशाने झालं ते मला आता कळलंय.

ह्यांच्या दहाव्याला नदीवर कावळा पाऊण तास पिंडाला शिवेना. भावकीने सगळी वचनं देऊन पाहिली, जमिनीची, पोरांची. (मला कुणी विचारलं नाही.) शेवटी तुम्ही पदर पसरून ओरडलात, "जोतिरामा, तुझ्या माशांपुढचा दिवा कधी इझू देणार न्हाई रं!" आणि कावळा शिवला. माझं मत विचाराल तर तोवर तो भुकेने मेटाकुटीला आला होता. पण वचन झालं. वचन देऊन तुम्ही आळंदीला गेलात, आणि दिव्याचं बटण राहिलं चिखलीत माझ्या घरी. पाच महिने टाकीवरची ट्यूब रात्रंदिवस चालू आहे. हे स्वतः ती नवाच्या ठोक्याला बंद करायचे. म्हणायचे, "त्यांचीबी शिफ्ट संपती की."

त्यात तुमचा दुसरा शोध, की मोठ्या केशरी माशात तुमचा भाऊ आलाय आणि तोंड उघडून तुम्हाला हाक मारतोय. "त्याला भूक हाय, शालन!" मग येईल त्याने मूठभर दाणे टाकायचे, तेराव्याची बुंदीसुद्धा. वन्सं, त्या माशाचं नाव ह्यांनी सुपरवायझर ठेवलं होतं, कारण तो दिवसभर फेऱ्या मारतो, तोंड हलवतो आणि कामाचं काही करत नाही. ज्याला बावीस वर्षं शिव्या घातल्या त्याच्याच कुडीत हे जातील?

पाणी निवळावं म्हणून दादासाहेबांनी तुरटीचा अख्खा खडा टाकला, त्या दिवशी दोन मासे उताणे झाले. तुम्ही काच चाटणारा मासा आणलात. तो काच चाटतो, पाण्याचं त्याला घेणं-देणं नाही. दुपारभर भिंतीला टेकून असतो. (दादासाहेबांनी हे वाचू नये.)

शेवटी मी महापालिकेच्या वाचनालयातून माशांचं पुस्तक आणलं आणि अडखळत का होईना, दोनदा वाचलं. चोवीस तास उजेड आणि वर उष्टंखरकटं, म्हणजे शेवाळाला खत-पाणीच. आणि मासा वर येऊन तोंड उघडतो तो हाक मारत नाही. त्याला श्वास पुरत नाही. हे मला पुस्तकाशिवायही कळायला हवं होतं. तसं तोंड मी दवाखान्यात नऊ दिवस पाहिलंय.

दिवा बंद करायचाय. कावळ्याला काय उत्तर द्यायचं ते मी देईन.

तुमची,
शालन

ता. क. खरं काम राहिलंच. पाणी निवळायला टाकी चार दिवस अंधारात झाकून ठेवावी लागते. तेराव्याला 'भावाची आठवण' म्हणून तुम्ही ह्यांची काळी घोंगडी नेलीत, ती पाठवा. परत देईन.

ता. क. दुसरं. घोंगडी पाठवू नका, घेऊन या. वर सगळा दोष तुम्हाला दिलाय, पण पाच महिने रोज झोपताना ट्यूब चालू आहे ना, हे मीच बघते. काल तीन वेळा बटणापर्यंत हात नेला आणि मागे घेतला. तुम्ही दाबा.

ता. क. तिसरं. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी भाकऱ्या झाल्यावर मी नळी तोंडाने ओढून पाव टाकी पाणी काढलं. घोटभर पोटात गेलं. मग बटण बंद केलं, आणि ह्यांनी संक्रांतीला घेतलेली माझी काळी चंद्रकळा चारपदरी करून टाकीवर घातली.