परत दिलेलं पुन्हा परत

१७ नोव्हेंबर, सोमवार
सुनेच्या कामाचं काही कळेना. ज्योत्स्नाला पुण्याच्या कंपनीने धान्याचा ओलावा मोजायचं मशीन पाठवलंय. ते कॉम्प्युटरला जोडायचं तर ड्रायव्हर लागतो म्हणे. ड्रायव्हर म्हणजे माणूस नाही, तिनेच लिहिलेला प्रोग्राम. तो आत टाकला की मशीन बराबर आकडा दाखवतं. बाहेर काढला की पडद्यावर इशाऱ्याच्या ओळीच ओळी.
मी म्हणाले, "काम तर करून राह्यलं ना? मंग काढायचा कशाला?"
नुसती हसली.

१८, मंगळवार
शनिवारपर्यंत इशारे थांबले नाहीत तर तिला पुण्याच्या ऑफिसात जाऊन बसावं लागणार. माझा मिथुन आष्टीच्या शाळेत मास्तर — तो बायकोसोबत कसा जाणार? मला म्हणतो, "आई, ज्योत्स्ना रात्री काम करताना पाणी प्यायला उठली की लगेच लाईट नको बंद करू. ती परत येऊन बसती."
संध्याकाळी बुद्धवंदनेत लक्ष लागलं नाही. ती गेली तर मला बरं की वाईट, तेही कळेना.

२०, गुरुवार
विचारलंच आज. म्हणाली, "आई, ड्रायव्हर आत येताना कॉम्प्युटरकडून काय काय मागून घेतो. जाताना परत द्यायचं असतं. कुठंतरी द्यायचं राहिलंय."
एवढं कळलं. मागून आणलेलं परत करावंच. मी म्हणाले, "मंग आठवून आठवून दे की सगळं."
तिने परत द्यायच्या ओळी वाढवल्या. इशारे अजून वाढले. जेवली नाही.

२१, शुक्रवार
सापडलं! द्यायचं काहीच राहिलं नव्हतं. ड्रायव्हर निघाला की कर्नेल — तो आतला कारभारी — आपणहून सगळं जमा करून घेतो. तशी सोय तिनेच लावली होती. आणि ही त्याच्या आधीच परत देऊन मोकळी. कारभारी घ्यायला जातो तर तिथं काही नाही. म्हणून ओरड.
गिरणीवाल्याला दळणाचे पैसे दोनदा गेले तर तो गप खिशात घालतो. हा कारभारी उलटाच.
"मंग आता काय करणार?"
"काही न्हाई आई. माझ्या ओळी काढून टाकल्या. गप झालं."

२२, शनिवार
कंपनीने पास केलं. पुणे रद्द. मिथुनने अर्धा किलो पेढे आणले, पाव किलोत भागलं असतं.

२३, रविवार
ज्योत्स्नाने घासून ठेवलेली भांडी मी रोज तिच्यामागे पुन्हा विसळते, आज विसळली नाहीत. तशीच मांडणीत लावली. ती दारात थांबली.
"आई, बरं वाटत न्हाई का तुम्हाला?"
म्हणजे तिला ठाऊक होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून.